अभयदादा आणि यंदाचा फुटबॉल

माझ्या दादाची नजर कशी आहे ते दिघ्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. शेजारच्या गोजरामावशींना सुईत दोरा ओवायचा असला की त्या अजून त्यालाच हाक मारतात. रस्त्यापलीकडे थांबलेल्या बसची पाटी तो आपल्या दारात उभा राहून वाचतो. लायसनच्या वेळी डॉक्टरसमोर भिंतीवरची शेवटची बारीक ओळ त्याने इतकी धडाधड वाचली, की डॉक्टरने मान वर न करता शिक्का मारला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक मला म्हणतात, एका घरात राहून तुमच्या लक्षात कसं आलं नाही. कसं येणार होतं?

दादाचं नाव अभय. तो दिघ्यातली पोरं ऐरोलीच्या शाळेत नेतो-आणतो, पिवळ्या व्हॅनमधून. कुठल्या पोराला गाडी लागते, कोण डब्यातली भाजी खिडकीतून टाकतं, कोणाची आई दारात येईपर्यंत थांबावं लागतं, सगळं त्याला तोंडपाठ. पोरांनी दंगा केला तर तो ओरडत नाही. गाडी बाजूला घेतो आणि गप्प बसून राहतो. पोरांना ते अजिबात सहन होत नाही. त्याची स्वतःची मुलगी मनस्वी, दुसरीतली, पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसते आणि ही गाडी आपल्या बापाची आहे हे बाकीच्यांना रोज एकदा तरी ऐकवते.

त्याला व्यसन एकच, फुटबॉल. तरुणपणी कंपनीच्या मागच्या मैदानात अनवाणी खेळायचा. गुडघा गेला आणि खेळ टीव्हीवर आला. आमच्या खोलीत पलंग आणि टीव्ही यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढीच जागा आहे. पलंगाच्या कडेवर बसून, हातात कंट्रोलर धरून रविवारी तो फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये शिरला, की मोनालीवहिनी विचारतात, "ताट टीव्हीतच नेऊन देऊ का?"

हा गेम दरवर्षी नवा निघतो. साधारण गणपती उरकले की वाशीत आम्ही ज्या दुकानात बसतो तिथे त्याची खोकी येतात. आम्ही म्हणजे मालक गल्ल्यावर आणि मी काउंटरला. गिऱ्हाइकांचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, गेल्या वर्षीचा आहे माझ्याकडे. हा घेण्यासारखा आहे का?"

आता खरं सांगायचं तर मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. पण गेम विकणं आणि खेळणं ही दोन वेगळी कामं आहेत. साड्यांच्या दुकानातले पुरुष काय रोज साडी नेसून बघतात? माझी पद्धत सोपी होती. दुकानात दाखवण्यासाठी एक खोकं फोडलेलं असायचं, ते मी रविवारी घरी न्यायचे. दादा दिवसभर खेळायचा आणि तो जे म्हणेल तेच मी आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगायचे. बहुतेक वर्षी तो म्हणायचा, "खेळ तोच हाय, जर्सी बदलल्यात. जुना असेल तर राहू दे." मालक कुरकुरायचे, पण पोरं परत माझ्याकडेच यायची. ही ताई फसवत नाही, असं एकमेकांना सांगायची.

यंदा मात्र दादा खेळता खेळता चिडला.

"वाट लावली पूर्ण," तो म्हणाला. "कोणी घेऊ नका म्हणून सांग."

"का, काय झालं?"

"नकाशाच काढून टाकला."

त्या गेममध्ये खाली एक छोटा नकाशा असतो. मैदानात कोण कुठे पळतोय ते त्यात ठिपक्यांनी दिसतं. दादा खेळताना मधूनच त्याच्याकडे नजर टाकायचा, एवढं मलाही माहीत होतं.

"आणि कडेचे प्लेअर बघ ना," तो म्हणाला. "एकदम येतात आणि पायातला बॉल घेऊन जातात. कुठून येतात तेच समजत नाय. असा कुठे फुटबॉल असतो का?"

मी आठवडाभर येईल त्याला सांगितलं, नकाशा काढलाय, पैसे घालवू नका. दोघातिघांनी माझ्यासमोर खोकं परत ठेवून दिलं.

मग एक कॉलेजातली मुलगी आली. यंदाचा गेम तिने आधीच कुठूनतरी घेऊन खेळलेला होता. माझं भाषण ऐकून ती हसली. "कोणी सांगितलं तुमाला? नकाशा आहे ना ताई. आधी मधे होता, आता डाव्या कोपऱ्यात नेलाय. उलट मोठा केलाय." आमचं फोडलेलं खोकं अजून दादाकडेच होतं, म्हणून तिने बॅगेतली स्वतःची डिस्क घालून काउंटरच्या टीव्हीवर नकाशा दाखवला. होता. चांगला तळहाताएवढा होता आणि त्यात ठिपके पळत होते.

मला राग आला. चारचौघांत तोंडघशी पडल्याचा राग. संध्याकाळी घरी जाऊन दादाला धारेवर धरायचं असं ठरवूनच मी निघाले. भीती तोवर माझ्या मनातही नव्हती.

मी घरी पोचले तेव्हा दादा तोच गेम खेळत होता. मी चप्पल न काढताच टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"दादा, नकाशा कुठाय?"

"सांगितलं ना. काढला."

"आत्ता, या टीव्हीवर नाही?"

"नाय ना बाबा. बाजूला हो, गोल होईल."

मी डाव्या कोपऱ्यात नकाशावर बोट ठेवलं. दादाने तिकडे पाहिलं. नुसते डोळे वळले नाहीत, अख्खा चेहरा वळला, आणि मग तो म्हणाला, "अरे, हा आत्ता आला काय?"

वहिनी हसल्या. मीही हसले. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी त्याला म्हटलं, "तू बॉलकडेच बघ. मान हलवू नको." आणि माझा हात टीव्हीच्या कडेशी नेऊन हलवायला लागले. "हात दिसतो?"

"कुठला हात?" दादा म्हणाला.

मी हात हलवतच होते.

"दाखव ना, कुठला हात?"

मी हात खाली घेतला. दादाला वाटलं मी त्याची थट्टा करतेय. तो म्हणाला बॉल सोडून इकडेतिकडे बघायला तो काय वेडा आहे, आणि माझं तोंड बंद करायला त्याने खोक्याच्या मागची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. वहिनी म्हणाल्या, "बघा, आहे का काही डोळ्यांना?"

पण मला आता एकेक गोष्ट आठवायला लागली. व्हॅनचा डावा आरसा फुटला तेव्हा त्याने टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या होत्या. दारातल्या पाण्याच्या बादलीला तो हल्ली वरचेवर धडकायचा आणि बादली तिथे ठेवणाऱ्यावर चिडायचा. आणि आमचे बाबा. शेवटच्या वर्षांत त्यांच्या शेजारी चहाचा कप ठेवला तरी ते विचारायचे, चहा झाला का. आम्ही म्हणायचो, वय झालं.

सकाळी दादा पोरं घेऊन निघणार होता. मला दुसरं काही सुचेना. डोळे मिटले की ती पिवळी व्हॅन दिसायची.

सकाळी ऐरोलीला काम आहे असं खोटं सांगून मी व्हॅनमध्ये चढले. मनस्वीला मांडीवर घेऊन पुढे बसले. मागे पोरांचा नेहमीचा गोंधळ, कोणाची तरी पेन्सिल कोणीतरी घेतलेली. दादा छान चालवत होता. लांबचा सिग्नल त्याला माझ्याआधी दिसला. समोर कुत्रं बसलं होतं तर त्याने हळूच वळसा घातला. मी श्वास सोडला. म्हटलं, शर्मिला, तू उगाच घर डोक्यावर घेतलंस.

मग कंपन्यांच्या मागच्या रस्त्यावर डाव्या बाजूने एक बाई पाण्याचे कॅन भरलेली हातगाडी ढकलत रस्त्यावर यायला लागली. लांबूनच दिसत होती. तिचं लक्ष गाडीच्या चाकाकडे होतं. मी वाट बघत होते, आता दादा ब्रेक दाबेल. आता दाबेल. व्हॅनचा वेग तसाच.

"पप्पा, गाडी," मनस्वी म्हणाली.

दादाने ब्रेक दाबला. पोरं पुढे आपटली, पाण्याच्या बाटल्या पायाखाली गडगडल्या. बाई हातगाडीचा दांडा धरून आमच्या बंपरपाशी उभी होती.

"ही आली कुठून?" दादा म्हणाला.

मनस्वी शांतपणे म्हणाली, "ती केव्हाची येत होती. मीच जिंकले." मग माझ्याकडे वळून तिने मला समजावलं, "आत्या, आमचा गेम आहे. जो आधी बघेल तो जिंकतो. सायकल, आजी, मांजर, काय पण. पप्पा रोज हरतात."

मागची पोरं हसली. दादाही हसला, जरा ओशाळून. मी मात्र त्या पोरीला घट्ट धरून बसले. सात वर्षांची मुलगी रोज सकाळी त्या गाडीला वाट दाखवत होती, आणि तिला तो खेळ वाटत होता, आणि तिच्या बापालाही.

शाळेच्या फाटकाशी सगळी पोरं उतरली. दादा त्यांच्या बॅगा काढून देत होता तेवढ्यात मी चावी काढून पर्समध्ये टाकली.

"शर्मे, टाइमपास नको. चावी दे."

"आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल."

"मला दिसतं सगळं."

"मग काय घाबरायचं?"

"मी कुठे घाबरतोय? तूच घाबरलीयस," तो म्हणाला. ते खरंच होतं. मी रडायला लागले, रस्त्यात, शाळेच्या वॉचमनसमोर. दादाला माझं रडणं लहानपणापासून बघवत नाही. तो म्हणाला, "चल बाई. पण रिपोर्ट चांगला आला ना, तर परत या विषयावर तोंड उघडायचं नाय. आणि दुपारी सुट्टीच्या आत मला इथे पोचव."

गाडी असताना रिक्षा करायची म्हणून तो वाटेत मला चिडवत राहिला.

दवाखान्यात त्याने भिंतीवरचा बोर्ड खालच्या ओळीपर्यंत वाचला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं. परत मोजलं. त्यांचा चेहरा बदलला. "घरात कोणाला काचबिंदू होता का?" त्यांनी विचारलं. दादा नाही म्हणाला. मला बाबांच्या शेजारचा तो कप दिसला.

त्यांनी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथे एक मोठं पांढरं मशीन होतं, अर्ध्या कापलेल्या मडक्यासारखं आतून पोकळ. त्यात तोंड घालून बसायचं, एका डोळ्यावर पट्टी, नजर मधल्या ठिपक्यावर, आणि हातात एक बटण. टेस्ट घेणाऱ्या मुलीने सांगितलं, "नजर हलवायची नाही. बाजूला कुठेही छोटा दिवा लागलेला दिसला की बटण दाबा." दादा खूश झाला. म्हणाला, "हे तर माझंच काम."

मी त्या मुलीच्या मागे उभी होते. मशीनमध्ये दिवा कुठे लागतोय ते तिच्या स्क्रीनवर दिसत होतं. मधोमध दिवा लागला, दादाने बटण दाबलं. टक. त्याच्या जवळ एक लागला. टक. मग वर लागला. काही नाही. डावीकडे लागला. काही नाही. खाली, उजवीकडे, परत खाली, दिवा लागत होता आणि विझत होता, आणि दादाचा अंगठा बटणावर तयारीत तसाच. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाब, दादा, लागला बघ, दाब. मशीनने तोच दिवा पुन्हा, जास्त प्रखर करून लावला. खूप वेळाने एकदा टक झालं, आणि मग पुन्हा शांत.

दुसऱ्या डोळ्याचंही तसंच.

ती मुलगी कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. कागदावर मध्ये थोडासा पांढरा भाग होता, बाकी जिथे जिथे दादाला दिवा दिसला नव्हता ते सगळं काळं.

दादा हनुवटी चोळत बाहेर आला. एकदम मजेत होता. "एवढंच होतं होय?" तो म्हणाला. "सोपं हाय गं. फारसे दिवे लागलेच नाहीत. जेवढे लागले तेवढे सगळे दाबले मी, एक पण सोडला नाय."

माझ्याने त्याच्याकडे बघवेना.

"काय झालं? आता तरी पटलं ना?" त्याने घड्याळ बघितलं आणि हात पुढे केला. "दे चावी. पोरं सुटायची वेळ झाली."