पेवाला काय म्हणतात?

सांगलीच्या कॉलेजात आमचे एक सर शब्दांची मुळं उकरायचे. बोलीला इंग्रजीत डायलेक्ट म्हणतात. सर म्हणाले, हा शब्द मूळचा ग्रीक, लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. ‘डिया’ म्हणजे मध्ये, ‘लेगेइन’ म्हणजे बोलणं. मूळ अर्थ, दोघांमधलं बोलणं. मला ते काही पटलं नाही. इतकी सरळ वंशावळ माणसांची असली तरी मला खोटी वाटते. पण सुट्टीत गावाकडचे शब्द गोळा करायला त्यांनी सांगितलं, आणि मी म्हसवडजवळ मामाच्या गावी गेलो.

बेचाळीसनंतरचे दिवस. मामाचा मोठा मुलगा चळवळीत पडून फरारी झाला होता आणि पोलिसांच्या फेऱ्या चालू होत्या. मामी सोप्यात मधोमध बसून शेंगा फोडत होती. एरवी मला पाहताच गूळपाणी घेऊन धावणारी बाई जागची हलली नाही. “बस की,” एवढंच म्हणाली.

मी कामाला लागलो. माळ्याला काय म्हणता? परसातल्या खोपीला? जमिनीतल्या धान्याच्या पेवाला दुसरा शब्द आहे का?

मामीचा हात थांबला. “तुला कुणी धाडलं रं?”

“सरांनी.”

“त्येंला आमच्या पेवाशी काय करायचंय?”

मी डायलेक्टची कुळकथा सांगितली. तिचा संशय आणखीच वाढला. खरं सांगायचं तर मलाही सरांचा संशय येऊ लागला. दोघांमधलं बोलणं म्हणे! मी विचारतोय आणि ही नुसती माझ्या तोंडाकडे बघतेय. सख्खा भाचा, आणि पाण्यालाही महाग! मी हिला पोलिसांचा खबऱ्या वाटतोय, हे मला स्पष्ट दिसलं. माझं डोकं फिरलं. तहानलेलाच उठलो आणि चालता झालो. नंतर त्या घराची पायरी चढलो नाही.

स्वातंत्र्यानंतर मामेभाऊ उजळ माथ्यानं फिरू लागला. तो सांगलीला आला, तेव्हा मी त्याच्या आईची वागणूक त्याला सुनावली.

“गड्या, मी तवा सोप्यातल्या पेवातच हुतो,” तो म्हणाला. “समदं झाकलं की आत जीव गुदमरतो. म्हून आई झाकण फटभर उघडं ठिवायची आन् वर लुगडं पसरून बसायची. कशी उठंल?”

एवढ्यावर तो थांबला नाही.

“तू गेल्यावर मातर उठली. झाकण तसंच टाकून, तांब्या घिऊन येशीपतुर पळत आली हुती. तू मागं बघितलंच न्हाईस.”