उलटून शिवलेला कोट

चिंचवडच्या स्टेशनरस्त्यावरचा धर्माजी टेलर मुळात मोशीचा शेतकरी. लढाईच्या काळात पोटासाठी देहूरोडच्या लष्करी डेपोत गेला आणि तिथे शिवणमशीन शिकला. त्याचं इंग्रजीही तिथलंच, पण सगळं उलट्या गोष्टींचं. बिल्ला डोक्यावर उभा शिवला की साहेब ओरडायचा, 'अपसाइड डाऊन'. मागची बाजू पुढे आली की 'बॅक टू फ्रंट', आणि आतली बाजू बाहेर राहिली की 'इनसाइड आऊट'. सुलट गोष्टीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला कधीच कळलं नाही, कारण काम सुलट झालं की साहेब काही बोलतच नसे.

पुढे त्याने घराच्या ओसरीवर दुकान टाकलं, आणि उलटंच काम त्याला भाकरी देऊ लागलं. त्या दिवसांत लोकरी कोट माणूस जन्मात एकदा घ्यायचा. बाहेरची बाजू विटली की कोट सगळा उसवायचा, कापड उलटायचं आणि आतली कोरी बाजू बाहेर काढून पुन्हा शिवायचा. धर्माजीने उलटलेला कोट नव्यासारखा दिसे. एक खूण मात्र लपत नसे. डाव्या छातीवरचा खिसा उजवीकडे जाई. लोक चहा पाजून त्याच्याकडून इंग्रजी वदवून घेत, आणि गडी असा, की चेष्टा चालली आहे हे कळूनही फुलून जाई.

चोपन्न सालच्या पावसाळ्यात कुरुळीचा एक सालगडी कोट घेऊन आला. मालकाच्या पोराचा आहे, घोळणा फुटून रक्त सांडलंय, डाग निघत नाहीत, म्हणाला. धर्माजीने कोट उजेडात धरला. छातीवर आणि बाहीवर बारीक शिंतोडे होते, काही जुने, काही नवे. नाकातलं रक्त ओघळतं, असं शिंपडत नाही. डेपोच्या दवाखान्यातले क्षयाच्या माणसांचे सदरे त्याने पाहिले होते. पण गिऱ्हाइकाला खोदून विचारलं तर धंदा कसा व्हायचा? घोळणा फुटला असेल, असं मनाशी म्हणून त्याने कोट उलटला.

फाल्गुनात मंजुळेला बघायला पाहुणे आले. मंजुळा त्याची एकुलती लेक, बापाशेजारी बसून हातशिलाई करत मोठी झालेली. तिची एक सोयरीक ठरून मोडली होती, आणि गावाला चघळायला तेवढं पुरे असतं. नानासाहेब मध्यस्थांनी कुरुळीचं स्थळ आणलं. घरची शेती होती आणि मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. धर्माजीची बायको सारजाबाई देव पाण्यात घालून बसली होती.

मुलगा मालोजी दारात वाकून आत आला. अंगावर कोट होता आणि खिसा उजवीकडे होता. कॉलर बघताच धर्माजीने आपलं काम ओळखलं; सालगड्याने आणलेला कोट तो हाच.

बोलावं तर दुसरी सोयरीक आपल्याच तोंडाने मोडायची. न बोलावं तर पोरीला डोळ्यांदेखत खाईत लोटायचं. तेवढ्यात नानासाहेबांनी नेहमीची चेष्टा केली.

"मास्तर, जावयाला तुमचं इंग्रजी ऐकवा की जरा."

धर्माजी त्या खिशाकडे बघत म्हणाला, "इनसाइड आऊट."

सगळे हसले. मालोजीही हसला, आणि हसता हसता तोंडाला रुमाल लावून खोकला. दुपारी सुपारी फुटली.

पुढे कितीतरी दिवस धर्माजी स्वतःला समजावत राहिला, की आपण तर सांगितलं होतं, त्यांना कळलं नाही त्याला आपण काय करणार. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला भाषा कमी पडत नाही. पण असल्या भ्याडपणाला भोळेपणा म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या वर्षी पौषात मालोजी गेला. सुतक संपलं आणि मंजुळा पांढऱ्या कपाळाने माहेरी आली. तिने बरोबर आणलेला कोट बापाच्या मशीनवर ठेवला.

"सासूबाईंनी दिलाय. ह्या बाजूलाबी डाग पडल्यात. तुजा बाप टेलर हाय, उलटून आन, धाकट्याला व्हईल, म्हनाल्या."

धर्माजीने कोटाला हात लावला नाही. "एकदा उलटल्याला पुन्ना उलटून काय उपेग? त्याची आतली बाजू..."

"ठाव हाय. धुवायला म्हनून मी अस्तर उसवलं. आतलं जुनं डाग बघितलं. आन् कॉलरखालचा टाका बघितला, आबा. त्यो टाका तुमीच मला शिकवलाय."

सारजाबाई आतून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

"मला बघाया आलं तवा तुमी इंग्रजीत काय म्हनला व्हता?"

"आतलं बाहेर," धर्माजी म्हणाला. "आतलं बाहेर आलंय, एवढंच."

"मग मराठीत का न्हाई म्हनला?"

मंजुळेने कोट उचलला, आत नेला आणि चुलीत सारला.

"सासूबाईंना सांगते, कोट जाळला," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "का जाळला त्येबी सांगते. मराठीत सांगते."

लोकर जळताना केस जळल्यासारखा वास घरभर पसरला. मंजुळा खोकू लागली. तोंडाला पदर लावून, वाकून, बराच वेळ खोकत राहिली.

धुराचा ठसका लागला असेल, असं धर्माजी मनाशी म्हणाला.