बाकावर बसलेल्या मुलीची मिरवणूक
सायकलच्या दुकानात पंक्चर सोल्युशनचा वास आला की मला श्रीरामपूरच्या शाळेतलं टेबल टेनिसचं टेबल आठवतं, कारण त्याच सोल्युशनने मी मुलींच्या बॅटला रबर चिकटवत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी एक विद्यार्थिनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाच्या महिला संघात निवडली गेली. सांघिक लढतींत संघातल्या दुसऱ्या दोघीच खेळल्या. ही राखीव म्हणून बाकावर बसली आणि तशीच परतली. मला ते कळलं होतं, तरी गावभर मी हिनेच चीनविरुद्धचा सामना जिंकून दिल्याचं सांगत सुटलो. मग स्टेशनवर बँड आला, ऊस वाहायचा ट्रॅक्टर झेंडूच्या माळांनी सजला. बाजारातले एक अडते तिला हार घालताना म्हणाले, "चिनी पोरींना पानी पाजलं म्हनं! लई झ्याक केलं, बाय!" ती ट्रॅक्टरवरून वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "सर, मी खेळलेच नाही. सांगून टाकू का?" मी म्हणालो, "आत्ता नको, लोक किती खुशीत आहेत बघ." तिने मान तुकवून पुढचा हार घालून घेतला. त्यानंतर मात्र ती टेबलापाशी फिरकली नाही. "पोरीला माज आलाय," असं लोक म्हणायचे, आणि मी तेही ऐकून घ्यायचो. यंदा ती वारली. तेव्हा तिच्या मुलीला भेटून मी सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आपण खेळलो नव्हतो, हे आई आम्हाला कायम सांगायची. मग तेव्हा गप्प का बसलीस, असं विचारलं की मात्र विषय बदलायची."