हज्जीच्या हातचे पाणी

फुजैराच्या भाजीबाजारात आजीला सगळे ‘हज्जी’ म्हणत. डोक्यावरून घेतलेला पदर, हातात मण्यांची माळ आणि भाव करताना आवाज न चढवण्याची सवय, एवढ्यावरून तिथल्या इराणी आणि पठाण दुकानदारांनी ही बाई मक्केला जाऊन आलेली आहे असे ठरवून टाकले होते. आजी वसईची कॅथलिक होती. माळ रोझरीची होती. तिच्या टोकाचा क्रूस मुठीत असे, म्हणून तो कोणाला दिसत नसे.

आईने एकदा सुचवले, “त्यांना सांगा ना, तुम्ही हज्जी नाही म्हणून.”

“शिवी तर देत नाहीत ना?” आजी म्हणाली. “मग राहू दे.”

आजी वसईच्या बोलीत बोलत असे. इथे तिचे बोलणे नेहमीच्या मराठीत दिले आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती फुजैराला आली. तिची मुलगी, म्हणजे माझी आत्या, तिथल्या रुग्णालयात नर्स होती. आत्याने आधी आपल्या भावाला, माझ्या वडिलांना, बंदरातल्या तेलाच्या टर्मिनलवर नोकरी मिळवून दिली. मग आईही एका जहाज एजंटाच्या ऑफिसात लागली आणि मला सांभाळायला घरात कोणी उरले नाही, तेव्हा आजीला बोलावण्यात आले. बोलावणे आले त्या दिवशी ती वाडीतल्या केळींना पाणी घालत होती. ते पुरे करून तिने निरोप घेतला, असे वडील सांगत.

आजोबा काविळीने गेले तेव्हा वडील शाळेत जाऊ लागले होते आणि आत्या मांडीवर होती. त्यानंतर आजीने एकटीने वाडी केली. बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पाणी शेंदायचे, माठ, मुळा आणि मोगरा काढायचा, टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात बसायचे. त्यातून दोन मुलांची शिक्षणे झाली. याबद्दल विचारले तर तिचे उत्तर एका वाक्याचे असे: “सगळ्याच जात होत्या.”

फुजैरात आम्ही राहत होतो ते घर जुने, एकमजली होते. घरमालकीण शेजारीच राहायची. ती वयाने आजीएवढी अरब बाई होती, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा काळसर सोनेरी बुरखा लावायची आणि मोडकेतोडके हिंदी बोलायची. तिचा नवरा लाँच घेऊन मुंबईला जायचा, त्यातून ते शब्द तिच्या घरात आले होते. तिच्या खजुरीच्या बागेत एक विहीर होती. आजीने मागच्या अंगणाच्या पट्टीत अळू आणि शेवगा लावला तेव्हा घरमालकिणीने काही दिवस भिंतीवरून नुसते पाहिले. मग भिंतीतला बंद दरवाजा उघडला आणि विहिरीकडे बोट दाखवून म्हणाली, “माय. तुम लो.” माय म्हणजे पाणी. त्या दिवसापासून आजी रोज सकाळी त्या विहिरीवरून पाणी आणू लागली. पंप होता, पण तिने तो कधी वापरला नाही. इकडून मुळा आणि नाताळच्या करंज्या जात, तिकडून खजूर येत.

गावाकडे संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आजी तिन्हीसांजेची प्रार्थना म्हणायची. फुजैराच्या चर्चला घंटा नव्हती. तिने मशिदीची मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान धरली. अजान सुरू झाली की ती हात पुसून उभी राहायची, क्रूसाची खूण करायची आणि मराठीत प्रार्थना म्हणायची. रविवार तिथे कामाचा दिवस, त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, शुक्रवारी होत असे. हे तिने मान्य केले. मात्र शुक्रवारी मांस न खाण्याचा नेम सोडला नाही. मिस्साहून आल्यावर आम्हा सगळ्यांसाठी ती मटण रांधायची आणि स्वतः वरण-भात घेऊन बसायची. “मिस्सा रविवारची असली तरी वार शुक्रवारच आहे,” असे तिचे म्हणणे. नेम चर्चचा असो की गावाचा, ती तो सारख्याच काटेकोरपणे पाळत असे. पुढे पेच आला तो यातूनच.

आत्याचे लग्न ठरले तेव्हा ती पस्तिशीला आली होती. मुलगा गोव्याचा, बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या बार्जवर इंजिनीअर. दोघांनाही लांब रजा मिळेना, म्हणून लग्न फुजैराच्या चर्चमध्ये, शुक्रवारी करायचे ठरले. आजीने विरोध केला नाही. तिची अट एकच होती: आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणायचे.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, गाणी म्हणत कळशी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. विहीर उंबराखालची असावी असा संकेत आहे. चर्चच्या पुस्तकात हे कुठे नाही, पण आजीच्या लेखी त्यावाचून लग्न पुरे होत नव्हते. उंबर फुजैरात नव्हता. विहीर होती, आणि घरमालकिणीने लगेच होकार दिला.

बायका जमवल्या त्या अशा: आई, आत्याच्या बरोबरीच्या केरळच्या दोन नर्स आणि समोरच्या घरातल्या पुण्याच्या काकू. महिनाभर संध्याकाळी हॉलमध्ये चहा ठेवून आजीने त्यांना गाणी शिकवली. नर्स मल्याळी लिपीत लिहून घेत. काकूंना अर्थ लागे आणि मधूनच त्या थांबत.

“आजी, यात सासूला फारच टोचून बोललंय हो. चालतं का हे?”

“आदल्या दिवशी चालतं,” आजी म्हणाली. “दुसऱ्या दिवसापासून गिळायचं.”

नर्सना काकूंनी हिंदीत अर्थ सांगितला तेव्हा त्यातली एक इतकी हसली की चहा सांडला. हसणे ओसरल्यावर काकूंनी विचारले, “पण मी चालेन ना कळशी घ्यायला? मी हिंदू आहे म्हणून विचारते.”

“तुझा नवरा जिता आहे ना? मग चालशील.”

काकू उठल्या. बशी उचलून आत ठेवायला गेल्या. गाणी शिकवणारी, विहीर मिळवणारी, सगळे घडवून आणणारी बाई स्वतः पाण्याला जाणार नव्हती, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आले. आमच्या आळीत विधवा पाण्याला जात नसत. त्या दारापर्यंत येत आणि तिथे थांबत. आजोबा गेल्यापासून आजी प्रत्येक लग्नात दाराशी थांबली होती.

आत्याला हे पटले नाही. स्वयंपाकघरात दोघींचे बोलणे झाले. मी तिथेच लसूण सोलत होते.

“आई, पाणी तू आणायचं.”

“वेड लागलंय तुला?”

“लहानपणापासून मी प्यायले ते पाणी कोणी आणलं? आंघोळीचं कोणी आणलं?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

आजीने वरणात पळी फिरवली.

आईने मध्यस्थी केली. “आपण फादरना विचारू या. ते नाही म्हणायचे नाहीत.”

“फादरला काय विचारायचं? त्याचं लग्न झालंय का?” आजी म्हणाली. मग आत्याकडे वळून तिने आवाज खाली आणला. “तुझा माणूस समुद्रावर कामाला आहे. माझ्या नशिबाचं पाणी तुझ्या अंगावर नको. मला ते करायला सांगू नकोस, बाय.”

आत्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करायची. वाद कधी थांबवायचा हे तिला कळत असे. ती माझ्या शेजारी लसूण सोलायला बसली.

गुरुवारी संध्याकाळी अजान आणि तिन्हीसांजेची प्रार्थना झाल्यावर बायका निघाल्या. बँडऐवजी वडिलांच्या हातात टेपरेकॉर्डर होता. नर्सनी केसांत गजरे माळले होते, काकूंनी नऊवारी नेसली होती. कळशीच्या गळ्याला आजीने झेंडूची माळ बांधली, ती आईच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीतल्या दरवाज्याशी उभी राहिली. ती नवे लाल लुगडे नेसली होती. उजव्या हातात माळ होती.

घरमालकिणीने पंप बंद ठेवला होता. लग्नाचे पाणी ओढूनच काढायचे, म्हणून आजीचा रोजचा दोर आणि बादली तिने काठावर काढून ठेवली होती. पहिली बादली तिने स्वतः ओढली. कळशी भरली. मग तिने इकडेतिकडे पाहिले.

“हज्जी उधर क्यों?”

आईने हिंदीत सांगितले की आजीचा नवरा नाही, म्हणून ती येत नाही. घरमालकिणीला आधी ते समजलेच नाही.

“शौहर नहीं तो क्या? रोज माय कौन भरता? हज्जी भरता.”

आईने पुन्हा सांगितले: रोजचे चालते, लग्नाचे चालत नाही. विधवेच्या हातचे पाणी नवरीला नको, असा रिवाज आहे.

घरमालकिणीने दोर खाली ठेवला. ती दरवाज्यापर्यंत चालत गेली आणि आजीसमोर दोन बोटे धरली. “मेरा शौहर दो मर गया. दो! ये पानी मेरा. अभी मैंने निकाला.” मग तिने अगदी साधेपणाने विचारले, “हराम है मेरा पानी?”

वडिलांनी टेप बंद केला.

आजीपुढे आता दोनच गोष्टी होत्या. रिवाज खरा मानला, तर कळशीतले पाणी आधीच बाटलेले होते आणि ज्या बाईने इतकी वर्षे विहीर दिली तिला तिच्याच दारात तसे सांगावे लागले असते; नाही तर रिवाज सोडायचा. आजीने एकदा भरलेल्या कळशीकडे पाहिले. मग तिने माळ गळ्यात घातली, मुठीत राहणारा क्रूस पहिल्यांदाच बाहेर आला, आणि ती मराठीत म्हणाली, “नाही गं बाई. हराम कसं असेल?”

घरमालकिणीला शब्द कळले नसावेत, पण उत्तर कळले. “तआली,” ती म्हणाली. ये.

आजी विहिरीशी गेली. कमरेला खोचलेला टॉवेल काढून तिने त्याची चुंबळ केली, भाजीची टोपली उचलण्यासाठी करायची तशीच, आणि डोक्यावर ठेवली. कळशी एका बाजूने आईने, दुसऱ्या बाजूने घरमालकिणीने उचलून दिली. घरमालकीण “बिस्मिल्ला” म्हणाली, त्याच वेळी आजीने क्रूस केला. मग दोन्ही हात सोडून ती चालू लागली.

काकूंनी गाणे धरले. सूर फार वर लागला.

“खाली घे, खाली,” आजी मान न वळवता म्हणाली. “मिस्सा नाही ही.”

दारात आत्या उभी होती. कळशी कोणाच्या डोक्यावर आहे हे तिने पाहिले. ती म्हणाली, “आत ये लवकर, पाणी सांडतंय,” आणि बाजूला झाली. आंघोळ आजीने घातली. त्या वेळी न्हाणीघराचे दार बंद होते, त्यामुळे आत काय बोलणे झाले ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न झाले. जेवणात मटण होते. गोव्याच्या विहीणबाईंनी आग्रह केला, “मुलीचं लग्न, आज तरी घ्या!” आजीने वरण-भात घेतला. वार शुक्रवार होता.

आजीची भीती त्या पाण्याने गेली, असे म्हणता येणार नाही. त्यानंतर ती रोझरीत दहा मण्यांचा एक फेरा जास्त म्हणू लागली. समुद्रावर वारा असेल त्या दिवशी दोन. तो फेरा कोणासाठी, हे तिने सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. आत्याचा नवरा बार्जवरून दर वेळी सुखरूप परत आला. पण केलेले काम तिने कधी चुकीचे ठरवले नाही. घरमालकिणीच्या विहिरीवर ती रोज जातच राहिली.

दोन हजारनंतर, माझी शाळा संपत आली तेव्हा, ती वसईला परत गेली. वाडी दुसऱ्याने कसायला घेतली होती, ती तिने परत घेतली. आम्ही, आत्या आणि तिचा नवरा सुट्टीत गेलो तेव्हा आळीत एक लग्न होते. आदल्या संध्याकाळी बँड दाराशी आला, बायका कळशा घेऊन निघाल्या. शेजारच्या घराची सून ओट्यावरच उभी राहिली. तिचा नवरा आदल्या पावसाळ्यात वारला होता. आजी आमच्या दारातून निघाली ती थेट त्या ओट्याशी गेली.

“चल.”

सून जागची हलली नाही. नवरीची आजी, म्हणजे आमच्या आजीची चुलत जाऊ, मागून म्हणाली, “काय गं, गल्फला जाऊन आलीस म्हणून रीत विसरलीस?”

“मला तिकडं हज्जी म्हणत,” आजी म्हणाली.

जावेला याचा अर्थ लागला नाही आणि आजीने तो सांगितला नाही. “माझ्या लेकीचं पाणी मी आणलंय. तिचा माणूस आत बसून तुमचा केक खातोय, जाऊन बघ.” मग सुनेकडे पाहून म्हणाली, “कळशी घे. चुंबळ करता येते ना?”

जाऊ काही तरी पुटपुटली. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, त्यात ते ऐकू आले नाही. सुनेने कळशी घेतली. बायकांच्या रांगेत ती मध्ये चालत होती आणि आजी तिच्या मागे, कोणी शब्द चुकवला की मोठ्याने दुरुस्त करत.