खळमावशीचा कोंडा

मावशीची लाँड्री बंद पडली तेव्हा तिचं वय सत्तेचाळीस. वीस वर्षं तिने कपड्यांना खळ घातली होती. पुढची नोकरी मिळाली ती नेमकी उलट्या कामाची: कोऱ्या कापडावरची खळ काढणारं एन्झाइम बनवणाऱ्या कारखान्यात. "केलेलं निस्तरायला बोलावलंय मला," ती ज्याला त्याला सांगे. खळमावशी हे नाव तेव्हाच चिकटलं.

गव्हाचा कोंडा भिजवायचा, वाफवायचा, निवला की बुरशीचं बी मिसळून ट्रेमध्ये पसरायचा, उबदार खोलीत ठेवायचा. चार दिवसांत बुरशी कोंड्यावर पोसते आणि त्यातच एन्झाइम सोडते.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो चिडवायचा, "घरी ब्रेडला बुरशी आली की नाक मुरडतेस, आणि तिथे लेकरासारखी जपतेस!"

"घरची आयतखाऊ. ही कामाला जाते."

तिसऱ्या वर्षी ओळीने चार घाणे वाया गेले. वर पांढरी लव छान, खाली आंबूस वास. कारखान्याच्या केमिस्टबाईंनी पाणी तपासलं, बी बदललं. काही उपयोग नाही.

मावशीने हातमोजा चढवून ट्रेच्या मधोमध बोटं खुपसली. "बाई, हात घालून बघा. चटका बसतोय."

"खोलीत तर तीसच अंश आहे."

"खोलीत असेल. आत पोरीला ताप भरलाय! नव्या गिरणीचा हा कोंडा पिठासारखा बारीक. भिजला की लगदा. हवा शिरणार कुठून?"

"मग काय करू या?"

"भाताचं तूस मिसळू. आणि थर दोन बोटांचाच."

लहान तोंडी मोठा घास घेतला की काय, असं मावशीला वाटलं. पण बाईंनी त्याच दुपारी तूस मागवलं.

घाणा तयार झाल्यावर बाईंनी तिला पहिल्यांदाच प्रयोगशाळेत बोलावलं. स्टार्चच्या, म्हणजे खळीच्याच पाण्यात आयोडीनचा थेंब पडला, पाणी गडद निळं झालं. त्यात बाईंनी नव्या कोंड्याचा अर्क घातला. मावशी श्वास रोखून बघत राहिली. निळा रंग फिका, आणखी फिका, आणि नाहीसा.

"गेली की हो खळ!" मावशी ओरडली. बाईंनी तिला मिठीच मारली.

आता नवीन माणूस आला की आधी मावशीकडे पाठवतात. ती त्याला दोन दिवस ओला कोंडा नुसता मुठीत दाबायला लावते. गोळा झाला पाहिजे, बोट लावताच मोडला पाहिजे, आणि पाणी गळता कामा नये. केमिस्टबाईही या परीक्षेत पास झाल्या आहेत. दुसऱ्या खेपेला.