अठरा किलोंचा पासंग

मिस्त्रीनं मला अठरा किलोंनी फसवलं. माझ्याच भंगाराच्या यार्डात, माझ्याच काट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत. भरे फाट्यापासून पिरंगुटपर्यंत कुणालाही विचारा, मला वजनात फसवणारा दुसरा माणूस निघायचा नाही. गोणपाट खांद्यावर टाकून कारखान्यांच्या मागे लोखंडाचे तुकडे वेचत मी वर आलोय. डोळे मिटून हातात नट दिला तर त्याचं वजन ग्रॅममध्ये सांगतो. आणि मला फसवलं ते जवळच्या नेरे गावातल्या एका किडकिडीत माणसानं, ज्यानं त्याआधी आणि त्यानंतर कुणालाही फसवलं नाही.

मिस्त्रीचा बाप गावचा मापारी होता. सुगीत खळ्यावर भाताची मापं घालायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही जुनी रीत. लाभ, दोन, तीन. बापाची पायली माळ्यावर गेली, पण पोरानं लाभ सोडला नाही. गाडीचे बोल्ट मोजतानाही पहिला लाभ. कानावर खडू, खिशात भाजीवाल्यांकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा, आणि हाताला लागेल ते तोलायची खोड. माझ्या बायकोनं दिवाळीला लाडू दिले, तर एक काट्याला लावून म्हणाला, "वहिनी, ह्या खेपेला हात जरा ढिला हाय."

दोन हजार तीनच्या सुमाराला माझ्याकडे एक जुनी मोटार भंगारात आली. फुगीर पाठीची, बुटकी. असल्या गाड्यांना लोक डुक्कर म्हणायचे. मी ती कापणार होतो, तेवढ्यात पुण्याचा एक पोरगा बापाची परदेशी गाडी घेऊन कसलासा पार्ट शोधत यार्डात आला. मी भाव खाली येऊ देईना, तेव्हा जाताना काच खाली करून म्हणाला, "ए भंगार, तुझं भंगार तुझ्याकडेच ठेव." त्या काळात डोंगरातल्या एका खासगी धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती व्हायच्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. हा पोरगा तिथं कायम जिंकायचा. मी मिस्त्रीला बोलावलं आणि डुकराकडं बोट दाखवलं. म्हटलं, "ह्याच भंगारातून त्याला हरवायचं."

मिस्त्री गाडीभोवती तीनदा फिरला. "ताकद दोन रीतीनं वाढती शेठ. इंजनात घालायची, न्हाईतर गाडीतलं काढायचं. आपुन दोन्ही करू."

ठोकर बसलेल्या एका नव्या मोटारीचं इंजिन यार्डात होतं, ते बसवलं. एका डिझेल जीपचा टर्बो त्याला जोडला. सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुराच्या जोरावर हे यंत्र फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. त्याचा आकार बघून मिस्त्री त्याला शंख म्हणायचा. मग काढाकाढी सुरू झाली. मागची सीट, काचा, बंपर, दाराच्या आतला पत्रा, हीटर. प्रत्येक वस्तू निघाली की काट्यावर, आणि आकडा खडूनं भिंतीवर. दाराच्या बिजागऱ्यांनासुद्धा त्यानं भोकं पाडली. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाला, "आता ह्या गाडीतला सगळ्यात जड पार्ट तुमीच हाय शेठ. तुमाला कुटं भोकं पाडायची?" मी अठ्ठ्याऐंशी किलो होतो. शिव्या दिल्या, पण दोन महिने भात सोडला.

आमचं खरं जमायचं ते घासाघिशीत. मी भावात घासाघीस करतो तशी त्याच्याशी किलोंत करायचो. पूर्ण गाडी सहाशे चाळीस किलोंत बसली पाहिजे, हा माझा हट्ट. एक दिवस तो म्हणाला, "शेठ, हिला आतून पाइपांचा सांगाडा पायजे. सव्वीस किलो."

"पाच."

"मेथीची जुडी हाय व्हय ही? गाडी उलटली तर पत्रा तुमच्या डोस्क्यावर येनार, माझ्या न्हाई."

"मी उलटवत न्हाई. सहा."

"सव्वीस म्हंजे सव्वीस."

"सीटमागची एक कमान लाव. आठ किलो. एक ग्रॅम जादा न्हाई."

त्यानं खडू कानावर ठेवला. "आठ तर आठ."

मी खूश झालो. एवढी वर्षं धंदा करून मला कळायला हवं होतं की भांडणारा माणूस असा पटकन कबूल होतो, तेव्हा त्यानं मनात काहीतरी ठरवलेलं असतं.

गाडी तयार झाली. छताच्या आतलं कापड तेवढं त्यानं काढलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "कापड न्हाई तर पत्रा कानात वाजतो." मग शेवटचं वजन. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, आणि दोन्हींची बेरीज. बेरीज बरोबर सहाशे चाळीस आली. मी आनंदानं त्याच्या पाठीत धपका घातला. पण एक गोष्ट माझ्या कानांनी ऐकली होती आणि डोक्यानं सोडून दिली होती. पुढची चाकं चढवली तेव्हा मिस्त्री 'एक' म्हणाला. 'लाभ' म्हणाला नाही.

शर्यतीत मी हरलो. फार नाही, बॉनेटभर. त्या पोरानं माझ्या छतावर थापटी मारली. "अंकल, सॉलिड बनवली हां. भंगारच्या मानानं." ती थापटी माझ्या डोक्यात आठवडाभर वाजत होती.

आठव्या दिवशी शेजारच्या चांदे गावचा एक जण जुन्या बॅटऱ्या विकायला आला आणि काट्यापाशी अडून बसला. "शेठ, घरनं तोलून आनल्यात. तुमच्या काट्यावर नऊ किलो कमी कशा भरत्यात?" माझ्या काट्यावर शंका! मी त्याच्या अंगावर धावून गेलो, मग काटा तपासला. दांडीला वजनं अडकवायची जी तबकडी असते, तिच्या पोटाशी मेणानं एक नट चिकटवलेला होता. असल्या काट्यात तबकडीवरचा एक ग्रॅम खालच्या मालाच्या शंभर ग्रॅमला भारी पडतो. पासंग. प्रत्येक खेपेला वजन नऊ किलो कमी दिसत होतं. गाडी दोन खेपांत तोललेली, म्हणजे अठरा. मी सुरी घेतली आणि डुकराचं छत फाडलं. कापडामागं पाइप. दारांच्या खांबांत पाइप. तळाच्या पत्र्याखाली पाइप. आठ माझ्या कबुलीचे आणि अठरा त्याचे. त्यानं त्याचे सव्वीस पुरे केले होते.

आज वाटतं, सराईत असता तर वजन झाल्यावर नट काढून घेतला असता. पहिल्यांदाच लबाडी करणारा माणूसच असा विसरतो. पण तेव्हा एवढा विचार करायला माझं डोकं जागेवर नव्हतं.

मिस्त्री आला तेव्हा यार्डासमोरच्या चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं होती. मी नट त्याच्यापुढं धरला.

"हे काय?"

"नट. मीच लावला."

"आन् पाइप?"

"तुमी आठावर अडला, मंग काय करनार?"

मी ओरडलो, "पासंगवाल्या! बाप मापारी आन् पोरगा पासंगवाला!" टपरीवरचे हसले. कुणीतरी तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. मिस्त्रीनं कानावरचा खडू काढला, काट्यावर ठेवला आणि चालत निघून गेला. मी खुळ्यासारखा त्या काट्याकडं बघत राहिलो. दांडी हललीसुद्धा नाही.

त्याच दिवशी मी ग्राइंडर घेऊन अठराच्या अठरा किलो कापून काढले. रागाच्या भरात सीटमागची कमानही कापायला घेतली, पण मिस्त्रीचं वेल्डिंग असलं की चकती झिजून संपली. दुसरी चकती काढायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, राहू दे, कशाला एक चकती वाया घालवा.

पुढच्या शर्यतीत गाडी सुटली ती नुसती गोळीसारखी. अर्ध्या पट्टीपर्यंत मी त्या पोराच्या पुढं होतो. शंखानं जोर धरला, मागचं चाक सरकलं, आणि डुक्कर पट्टी सोडून गवतात दोनदा उलटलं. छत पुढून चेपत आलं आणि माझ्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर अडकलं. कमानीवर. डावा खांदा मोडला. खांबांत पाइप असते तर तोही मोडला नसता, असं मला गाडी ओढून आणणाऱ्यानं सांगितलं.

हात गळ्यात अडकवून मी नेऱ्याला गेलो. मिस्त्री अंगणात पंप उघडून बसला होता. जवळ काटा नव्हता.

"हात कसा हाय शेठ?"

"खांद्याच्या वर जात न्हाई."

"मंग आता हात खाली ठिवूनच गाडी चालवा."

माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तोंडातून आली ती सवय. "चूक दोघांचीबी हाय मिस्त्री. निम्मी तुझी, निम्मी माझी. चल, परत ये."

तो हसला. "सगळी माझी घ्या की. नट मीच लावला. माझ्या बापानं उभ्या जन्मात मापाला बोट लावलं न्हाई, आन् मी मेन लावलं. पन शेठ, ते नाव तेवढं निम्मं करता आलं तर बगा. पोराला शाळेत पासंगवाला म्हनत्यात."

मी "बघतो" म्हणालो. आणि बघितलं नाही. चारचौघांत सांगायचं झालं असतं, तर स्वतःच्या डोक्यासाठी मी मेथीच्या जुडीसारखी घासाघीस केली, हेही सांगावं लागलं असतं. वर्षं गेली. नेऱ्याच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या. मिस्त्री पंप दुरुस्त करत राहिला आणि गिऱ्हाईकं त्याला गमतीनं विचारत राहिली, "मिस्त्री, पासंग न्हाई ना?" तोही हसायचा म्हणे.

दोन हजार दहाला तो गेला. दहाव्याला मी नदीवर उभा होतो. मागून कुणीतरी विचारलं, "कोन गेलं?" उत्तर आलं, "पासंगवाला." त्याचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

अठरा किलोंचा जाब मी मिस्त्रीला आजही विचारतो. अरे, आणखी भांडायचंस, शिव्या द्यायच्यास, गाडी सोडून जायचंस. मी बारावर आलो असतो, पंधरावर आलो असतो. तू न भांडता लबाडी का केलीस? पण ते नाव मी ठेवलं, आणि त्याचा जाब मला अजून कुणी विचारलेला नाही. माझ्यासमोर लोक हात जोडतात, शेठ म्हणतात. त्या दिवशी टपरीवर जे हसले, त्यांतले बरेच अजून हयात आहेत. त्यांतल्या एकानं तरी यार्डात यावं, भर दुपारी, चार माणसांसमोर, आणि मला विचारावं की एका सच्च्या माणसाला तू खोटा का ठरवलास.

या. मी घासाघीस करणार नाही.