दवानं दाखवलेली खोड

हिवाळ्यात आमच्या बोअरचं पाणी पहाटे कोमट येतं. भात झोडून झालं की पेंढ्याचे ट्रॅक्टर दिवसभर रस्त्यानं जात राहतात आणि अंगणातल्या गाडीवर भुशाचा थर बसतो. तो कोरड्या फडक्यानं पुसला तर रंगावर चरे उठतात. म्हणून आधी पाणी, मग हात, मग फडकं. टपापासून सुरुवात करायची आणि चाकं शेवटी. ऊन तापायच्या आत काम उरकायचं, नाहीतर काचेवर पाण्याचे डाग राहतात.

गाडी मी स्वतः धुतो. नसरापूरला फवारा मारून दहा मिनिटांत धुऊन देतात, पण तिथं गाडी आपल्या हाताखालून जात नाही. माझा धंदा जुनी वाहनं घेण्या-विकण्याचा आहे. टेम्पो, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, जे येईल ते. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला कळतं, यावर माझं घर उभं राहिलं. शाळा सातवीला सुटली. बाकीचं शिक्षण बैलबाजारात झालं.

सारोळ्याचा पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात मी पंधराव्या वर्षी गेलो तेव्हा एका दलालानं मला हाताशी धरलं. मी त्यांना आबा म्हणायचो, नात्यानं नाही, मानानं. उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव कसा सांगायचा हे त्यांनी शिकवलं. समोरच्याच्या अंगठ्याला घाम आला की तो अडलेला आहे, हेही त्यांनीच. आणि बाजाराचा कायदा शिकवला. उपरण्याखाली हात जायच्या आधी घेणाऱ्यानं विचारायचं, "खोड काय?" विचारलं की दलालानं खरं सांगायचं. बैल मारका आहे, नांगराला बसतो, जू टाकतो, जे असेल ते. विचारल्यावर खोटं बोलला त्याला पुढच्या बाजारात कोणी शेजारी बसू देत नसे. न विचारता हात दिला तर जनावर आहे तसं पदरात घेतलं. मग तक्रार नाही.

पुढं बैल कमी झाले. आबाही वाहनांच्या धंद्यात आले आणि त्यांच्यामागोमाग मीही. त्यांचं घर नसरापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला, माझं गुंजवणी नदीच्या काठाला. तीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या दारात किती वेळा जेवलो याची मोजदाद नाही.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी भोरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली. सकाळची पाळी असली की पहिली एसटी गाठून नसरापूर, तिथं हायवेवर उभं राहून कापूरहोळ, मग पुन्हा भोर. एवढं करूनही कधी उशीर व्हायचा. तिच्यासाठी छोटी गाडी घ्यायची ठरवली. हायवेवरून ट्रकांच्या मधून तिला रोज जायचं होतं, म्हणून गाडी भक्कम हवी होती. मी आबांना हे सगळं सांगितलं. त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितलं, "आबा, पोरीला पायजे. तुमच्याकडचीच घेनार."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. गेलो तर अंगणात पांढरी गाडी उभी. आत्ताच धुतलेली, अजून पाणी निथळत होतं. दुसऱ्या कोणाच्या दारात अशी ओली गाडी असती तर मी चहा पिऊन परत फिरलो असतो. ओल्या पत्र्यावर सगळंच चकाकतं, हे मला सांगायला कोणी नको. पण समोर आबा होते. त्यांनी आकडा सांगितला आणि मी मान हलवली. आयुष्यात एकाही वस्तूचा मी भाव केल्याशिवाय राहिलो नाही. भाजीवालीसुद्धा मला बघून पाटी झाकते असं बायको म्हणते. पण त्या दिवशी केला नाही. खोडही विचारली नाही. ज्यानं विचारायला शिकवलं त्यालाच विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं, असं मला वाटलं. मी त्यांच्या पाया पडलो आणि चावी घेतली.

आठ दिवस मुलीची दुपारची पाळी होती, म्हणून गाडी धुतली ती दहाच्या सुमाराला, दव उडून गेल्यावर. नवव्या दिवशी मुलीची पाळी लवकरची होती, म्हणून उजाडताच बादली घेऊन बाहेर आलो. पौषातली थंडी, नदीकडून धुकं आलेलं. गाडीवर दव इतकं दाट की पांढरा रंग करडा दिसत होता. फक्त डाव्या बाजूच्या मागच्या दारावर आणि टप पेलणाऱ्या त्याच्यालगतच्या खांबावर दव विरळ होतं. त्या विरळ भागाची कड सरळ होती, पट्टी लावून आखल्यासारखी. खांबावरून ती टपापर्यंत गेली होती.

बादली खाली ठेवली. पुढच्या दारावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली, टण वाजलं. मागच्या दारावर मारली, थप. पुन्हा मारली. थप. हत्यारांच्या पेटीतून लोहचुंबक आणलं. पुढच्या दाराला ते झटकन चिकटलं. मागच्या दाराला लावलं तर घसरून खाली बादलीत पडलं. पत्र्यावर बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती. लांबीवर दव पत्र्यासारखं धरत नाही. दहाच्या उन्हात हे कधीच दिसलं नसतं.

मुलगी डबा घेऊन बाहेर आली. "बाबा, झाली का धुऊन?"

"आज एसटीनं जा."

"का?"

"जा म्हनलं ना."

ती माझ्या तोंडाकडे बघून एसटी गाठायला निघाली. राग आला की मी ऐकत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

गाडी नसरापूरला एका ओळखीच्या पत्राकाम करणाऱ्याकडे नेली. त्यानं आतलं आवरण काढलं, बॅटरी मारून बघितलं आणि बराच वेळ डोकं बाहेरच काढलं नाही.

"खांब कापून जोडलाय," तो म्हणाला. "बाजूनं धडक खाल्लेली गाडी हाय. दिसायला लई झाक काम केलंय, पन आतून टाके घातल्यात नुस्ते."

"पोरगी हायवेनं जाती हिच्यातनं."

"मग नका पाठवू. अजून एक धक्का सोसायची न्हाई ही."

तिथून सरळ आबांच्या दारात गेलो. ते भिंतीला टेकून उन्हात बसले होते, कानाला मफलर. मला बघून त्यांनी आत सुनेला हाक मारली, "च्या टाक गं, पाव्हनं आल्यात."

"च्या नको," मी म्हणालो. "खांब जोडलेला हाय, आबा. ठावं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर चोरली नाही, हे अजून मला टोचतं. "व्हय," म्हणाले.

"मग बोलला का न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. बाजारात हिशोब समजावून सांगायचे तसं ते बोलत होते. "खोड इचारली असतीस तर सांगितली असती. खोटं बोललो असतो का म्या? तीस वर्सं बघतोयस."

"तुमाला काय इचारायचं? तुमाला?"

"मलाच इचारायचं. दुसऱ्या कुनाला?"

"पोरीसाठी घेतोय म्हनून सांगितलं होतं का न्हाई?"

"सांगितलं होतंस की. म्हनून तर वाटलं, आज हा नक्की इचारंल. वाट बघितली म्या. तू वाकलास, पाया पडलास आन् चावी उचललीस."

त्यानंतर मी काय बोललो ते सगळं आठवत नाही. इतकं आठवतं की मी त्यांना पहिल्यांदा अरेतुरे केलं. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. सून चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबली. आबा बसल्या जागेवरून हलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "गाडी ठेव हितं. तुझं पैसं तू घेऊन जा."

मला ते नको होतं. व्यवहार उलटा फिरवला की आपण मोकळे, असं त्यांना वाटत होतं. आणि गाडी तिथं ठेवली असती तर ती पुन्हा धुऊन, ओली करून दुसऱ्या कोणासमोर उभी राहिली असती. मी गाडी घेऊन परत आलो.

मी काही साधू नाही. चार दिवस माझ्याही मनात येत होतं की भोरला एखादं गिऱ्हाईक बघावं, दहाच्या उन्हात दाखवावी. कोणी विचारलं नाही तर आपण तरी कशाला सांगावं? कायदा सगळ्यांनाच सारखा. पण गिऱ्हाइकाच्या जागी दर वेळी मुलगी दिसायची, डबा घेऊन गाडीत बसताना. पाचव्या दिवशी मी गाडी भंगारवाल्याला दिली. त्याला एक अट घातली की माझ्या अंगणातच कापायची, आणि तुकडे भरलेली ट्रॉली नसरापूरला नेताना आबांच्या घरावरूनच न्यायची. दुसरा रस्ता जवळचा होता, त्यानं तक्रार केली, तरी ऐकलं नाही. मी मोटारसायकलवर ट्रॉलीच्या मागं होतो. आबा भिंतीजवळून उठून रस्त्यापर्यंत आले. जोडलेला खांब सगळ्यात वर ठेवायला लावला होता. त्यांनी तो बघितला. ते मागे फिरले.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती, अजूनही पाहिजे आहे. एकदा माझ्या अंगणात यावं आणि "चुकलं" म्हणावं. मी न विचारण्यात त्यांचा मान होता, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळू नये? की कळलं होतं आणि तरीही कायदा मोठा वाटला? बायको म्हणते, "तुमीच तसलं शिकला ना त्यांच्याकडं, मग आता रडता कशाला?" मी जेवणावरून उठतो.

मुलगी दोन वर्षं एसटीनं गेली. मग तिनं स्वतः साठवून नवी कोरी गाडी घेतली. मी सोबत येतो म्हणालो तर म्हणाली, "शोरूममध्ये भाव करत बसाल तुम्ही, नका येऊ." रविवारी ती गाडी मी धुतो. मागच्या दाराला हात लावतो तेव्हा आपोआप टिचकी मारली जाते.

कधी भोरला काम असलं की मी तिच्या शेजारी बसून जातो. नसरापूरच्या अलीकडे आबा उन्हात बसलेले असतात, आता पुष्कळ वाकलेत. गाडी ओळखून हात वर करतात. मी समोर रस्त्याकडे बघत राहतो. मुलगी मात्र गाडी हळू करते आणि हॉर्न वाजवते.

"त्यांनी तुला मरायला पाठवलं असतं," मी मागच्या आठवड्यात म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली आणि पुन्हा एकदा हॉर्न वाजवला.

मी माझ्या बाजूची काच वर केली.